मरणाचा भाव

टॉलस्टॉयच्या 'हाजी मुराद' या कादंबरीत एक छोटेसे उपकथानक आहे. कॉकेशसच्या डोंगरात झारची फौज आणि इमाम शमीलचे लढवय्ये यांच्यात अनेक दशके चाललेल्या युद्धाची ही कादंबरी. टॉलस्टॉय तरुणपणी १८५१ मध्ये तिकडे गेला, सैन्यात दाखल झाला आणि तिथे जे पाहिले ते पुढे जन्मभर त्याच्या मनातून गेले नाही. कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक दागेस्तानातील अवार जमातीचा एक सरदार आहे. मला मात्र राहून राहून आठवतो तो तिच्यातला एक साधा रशियन शिपाई, अवदेयेव. जंगलतोडीच्या वेळी झालेल्या किरकोळ चकमकीत त्याला गोळी लागते आणि तो मरतो. खरे तर सक्तीच्या भरतीत पाळी त्याच्या भावाची होती. भावाला मुलेबाळे होती म्हणून हा त्याच्या जागी गेला होता. गावाकडे म्हातारी आई त्याला पत्र लिहवून घेते आणि पत्रासोबत एक रुबल पाठवते. ते पत्र रुबलासह परत येते. मुलगा राजासाठी आणि देशधर्मासाठी कामी आला, असा सरकारी निरोप त्यासोबत असतो. कामातून सवड मिळते तेवढा वेळ आई रडते आणि पुन्हा कामाला लागते. तिकडे वरिष्ठांना गेलेल्या अहवालात त्याच चकमकीत शत्रूची शंभरेक माणसे पडल्याचे लिहिलेले असते.

त्या आईचा रुबल परत आला. आज तसे होत नाही. युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर दहाच दिवसांत, ५ मार्च २०२२ रोजी, रशियाच्या अध्यक्षांनी एक हुकूम काढला. युद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला पन्नास लाख रुबल आणि जखमी सैनिकाला तीस लाख रुबल मिळतील, असे त्यात ठरले. विम्याची रक्कम आणि प्रांतिक सरकारांची मदत वेगळी. २०२४ मध्ये रशियातील किमान मासिक वेतन १९,२४२ रुबल होते. म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्या माणसाला पन्नास लाख कमवायला साडेएकवीस वर्षांहून अधिक काळ लागेल, तोही एक पैसा खर्च न करता. जुलै २०२४ मध्ये सैन्याच्या करारावर नुसती सही करण्यासाठी केंद्राकडून मिळणारी रक्कम १,९५,००० वरून चार लाख रुबलांवर नेण्यात आली. त्याच महिन्यात मॉस्को शहराने आपल्या बाजूने एकोणीस लाख रुबल जाहीर केले. व्लादिस्लाव इनोझेम्त्सेव या रशियन अर्थतज्ज्ञाने या व्यवहाराला 'मरणाचे अर्थशास्त्र' असे नाव दिले आहे. त्याचा हिशेब असा, की देशाच्या अनेक मागास भागांत पस्तिशीचा पुरुष वर्षभर लढून मेला, तर घरच्यांना जी रक्कम मिळते ती तो साठीपर्यंत जगून कमावू शकला असता त्याहून जास्त भरते.

हा हिशेब मी प्रथम वाचला तेव्हा माझ्या मनात अर्थशास्त्राचा प्रश्न आला नाही. माणसाच्या जगण्यापेक्षा त्याच्या मरणाला अधिक भाव देणारे राज्य नेमके काय करत असते, हा प्रश्न आला. ते मृताच्या कुटुंबाला न्याय देत असते की त्याचे मरण आगाऊ विकत घेत असते? आणि विकणारा राजीखुशीने सही करत असेल, तर त्यात अन्याय तो कोणता? दीर्घ युद्धाचा रशियावर काय परिणाम झाला याची चर्चा आपल्याकडे बहुधा तेल, रणगाडे आणि निर्बंध यांच्या भाषेत होते. माझ्या मते त्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी हा नैतिक प्रश्न आहे. अर्थव्यवस्था, लोकसंख्या आणि राजकीय स्थैर्य या तिन्ही गोष्टींची उत्तरे तिथूनच निघतात.

आधी अर्थव्यवस्था पाहू. युद्ध सुरू झाले तेव्हा पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. आता हा देश काही महिन्यांत गुडघे टेकील, असे भाकीत पुष्कळांनी केले. तसे घडले नाही. २०२२ मध्ये उत्पन्न थोडे घटले, पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी वाढीचा वेग चार टक्क्यांच्या आसपास राहिला. बेरोजगारी अडीच टक्क्यांच्या खाली गेली. आपल्याकडचे अनेक मित्र हे आकडे कौतुकाने सांगतात. अमेरिकेच्या दादागिरीविषयी आपल्या मनात जो राग आहे, तो त्या कौतुकात मिसळलेला असतो. इराक आणि अफगाणिस्तानाचे जे झाले ते पाहिलेल्या माणसाला तो राग का येतो, हे मला समजते. पण राग असला म्हणून हिशेब चुकवू नये.

ही वाढ कशाची होती? २०२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी साडेतेरा लाख कोटी रुबल, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांहून अधिक रक्कम ठेवण्यात आली. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा मिळून केंद्रीय खर्चातले सुमारे चाळीस टक्के तिकडे गेले. कारखान्यात तोफगोळा तयार झाला की उत्पन्नाच्या खात्यात त्याची किंमत जमा होते. तो गोळा खार्किवच्या एखाद्या घरावर पडून फुटला की त्या खात्यातून काही वजा होत नाही. ट्रॅक्टर शेतात दहा वर्षे चालतो आणि धान्य पिकवतो. गोळ्याच्या बाबतीत असे पुढचे काही नसते. बेरोजगारी कमी दिसली, कारण कामाची माणसे आघाडीवर गेली, कबरीत गेली किंवा देश सोडून गेली. माणसे कमी म्हणून मजुरी वाढली, मजुरी वाढली म्हणून महागाई वाढली. महागाई आवरण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेला व्याजाचा दर एकवीस टक्क्यांवर न्यावा लागला. एवढ्या व्याजाने कोणता दुकानदार कर्ज काढील आणि कोण घर बांधील? २०२५ मध्ये वाढ एक टक्क्याच्या आसपास उतरली. अडीनडीसाठी राखलेल्या राष्ट्रीय संपत्ती निधीतली हाताशी असलेली शिल्लक निम्म्याहून अधिक संपली. १ जानेवारी २०२६ पासून वस्तू व सेवांवरील मूल्यवर्धित कर वीस टक्क्यांवरून बावीस टक्के झाला.

या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. पन्नास लाख रुबल घेतलेली विधवा जेव्हा मुलासाठी बूट विकत घेते, तेव्हा वाढलेला कर तीही भरते. वाढलेल्या महागाईने तिच्या ठेवीचे मोल महिन्यागणिक घटते. नवऱ्याच्या मरणाची रक्कम तिच्या एका हातावर ठेवली जाते आणि दुसऱ्या हातातून तिची वसुली सुरू होते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे, असा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. इथे ते लोणी त्या मढ्याच्या घरच्यांना चाखायला देऊन त्यांच्याकडूनच त्याची किंमत वसूल केली जाते.

आता सही करणारे कोण, ते पाहू. 'मीडियाझोना' हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा यांनी मृत्युलेख, कबरी आणि स्थानिक बातम्या यांवरून मृत रशियन सैनिकांची नावे एकेक करून जमवली. २०२५ मध्ये या यादीने एक लाखाचा टप्पा ओलांडला. खरा आकडा याहून बराच मोठा असणार, कारण प्रत्येक मरणाची बातमी छापली जात नाही. रशियन सरकारने मृतांचा आकडा शेवटचा सांगितला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, ५,९३७. त्यानंतर त्याने तोंड उघडलेले नाही. या यादीत सर्वाधिक नावे ज्या प्रांतांची आहेत त्यांत बाश्कोर्तोस्तान आणि तातारस्तान अग्रभागी आहेत. दोन्ही व्होल्गा-उरल परिसरातले, दोन्हींत मुसलमानांची मोठी वस्ती. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर सायबेरियातील तुवा आणि बुर्यातिया या बौद्धांची मोठी वस्ती असलेल्या, गरीब प्रांतांनी फार मोठी किंमत मोजली. मॉस्कोचा वाटा त्याच्या लोकसंख्येच्या मानाने अगदीच कमी आहे.

तुरुंगातून माणसे नेली गेली, सहा महिने लढा आणि सुटा, या अटीवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर एक कायदा झाला. सैन्याशी करार करणाऱ्याचे आणि त्याच्या जोडीदाराचे एक कोटी रुबलांपर्यंतचे थकीत कर्ज माफ होईल, अशी त्यात तरतूद आहे. मध्य आशियातून मजुरीसाठी आलेल्या आणि नुकतेच रशियन नागरिकत्व मिळालेल्या ताजिक, उझबेक तरुणांना मशिदी, बाजार आणि वसतिगृहांवर छापे घालून पकडण्यात आले आणि भरती कार्यालयात नेण्यात आले. अशा नवनागरिकांपैकी वीस हजार जण आघाडीवर असल्याचे रशियाच्या तपास समितीच्या प्रमुखांनी मे २०२५ मध्ये स्वतःच सांगितले, आणि तेही अभिमानाने. आपल्या देशातले तरुणही या जाळ्यात सापडले. मदतनिसाची, सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून दलालांनी त्यांना नेले आणि खंदकात सोडले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार रशियन सैन्यात १२६ भारतीय गेल्याचे समजले होते. त्यांपैकी बारा जण मारले गेले होते आणि सोळा जणांचा पत्ता नव्हता.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो फेटाळून लावण्याइतका हलका नाही. फसवणूक आणि जबरदस्ती सोडा, पण बहुसंख्य लोक तर स्वतः जाऊन सही करतात ना? प्रौढ माणसाला आपला बरावाईट निर्णय घेण्याचा हक्क आहे. शिवाय मृत सैनिकाच्या कुटुंबाला रक्कम देणे हे प्रत्येक सुसंस्कृत राज्याचे कर्तव्यच आहे. आपणही देतो. अवदेयेवच्या आईला काहीच न देणाऱ्या झारपेक्षा आजची व्यवस्था बरी नव्हे काय?

या आक्षेपाचा विचार करताना मला आपल्या परंपरेतील दियतीची आठवण झाली. कुरआनाच्या सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येबद्दल मृताच्या वारसांना दियत द्यावी, असा आदेश आहे. वारसांनी ती माफ केली तर गोष्ट वेगळी. फकीहांनी तिचे मोप शंभर उंट असे सांगितले. म्हणजे माणसाच्या जिवाच्या मोबदल्यात द्रव्य देणे ही कल्पना इस्लामला परकी नाही. पण तिच्या तीन अटी नीट पाहाव्यात. पहिली अट ही की देणारा आधी कबूल करतो, की ही हत्या माझ्या हातून झाली. दियत ही दोषाची कबुली आहे, बक्षीस नव्हे. दुसरी अट, ती घ्यायची की माफ करायची हे वारस ठरवतात. पैसे हातात पडले म्हणून तोंड बंद ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर येत नाही. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दियतीचा भार मारणाऱ्याच्या 'आकिला'वर, म्हणजे त्याच्या भाऊबंदांवर पडतो. आपल्या माणसाच्या चुकीचा भुर्दंड आपल्याला पडेल, हे ठाऊक असल्याने भाऊबंद त्याला वेळीच आवरतात. हत्या महाग व्हावी, हा या व्यवस्थेचा हेतू होता.

दियतीचा गैरवापर झाला नाही, असे मी म्हणणार नाही. धनदांडग्यांनी पैसे फेकून खून पचवल्याची उदाहरणे आजही मुस्लिम देशांत घडतात. स्त्रीची दियत पुरुषाच्या निम्मी धरणाऱ्या फकीहांशी मी सहमत नाही. पण मूळ तत्त्व घेऊन रशियातील पन्नास लाखांकडे पाहिले, तर तिन्ही अटी उलट्या झालेल्या दिसतात. देणारा कसलाही दोष कबूल करत नाही. उलट मृताला वीर ठरवून स्वतः मोकळा होतो. आघाडीवरच्या नवऱ्यासाठी जाहीर तक्रार करणाऱ्या बायकोला शत्रूचा हस्तक ठरवले जाते. आणि रक्कम जाते सर्वांच्या तिजोरीतून, त्यामुळे युद्ध सुरू करणाऱ्याच्या खिशाला एका रुबलाचीही झळ लागत नाही. शिवाय दियत मृत्यूनंतर ठरते. इथे मृत्यूच्या आधीच दरपत्रक तयार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जखमींच्या रकमेत बदल झाला. गंभीर जखमेला तीस लाख, हलक्या जखमेला दहा लाख, त्याहून किरकोळ जखमेला एक लाख. २०२५ मध्ये काही प्रांतांच्या तिजोऱ्या आटल्या तेव्हा सहीची रक्कम खाली आली. जिचा भाव मागणीपुरवठ्याप्रमाणे चढतो-उतरतो, तिला आपण बाजारात माल म्हणतो.

राहिला प्रश्न संमतीचा. फिकहमध्ये 'इकराह' असा शब्द आहे. इकराह म्हणजे जबरदस्ती, आणि जबरदस्तीने झालेल्या व्यवहाराला खरी संमती मानत नाहीत. गळ्यावर सुरी ठेवली की इकराह होतो, हे कोणीही मान्य करील. पण ज्या माणसाच्या दारात बँकेचा वसुलीवाला उभा आहे, ज्याच्या गावातला कारखाना केव्हाच बंद पडला आहे, ज्याच्यापुढे तुरुंगाची दहा वर्षे किंवा खंदक एवढेच दोन पर्याय आहेत, त्याची सही किती राजीखुशीची? आधी माणसाला कोपऱ्यात ढकलायचे आणि मग त्याला एकच दार उघडे ठेवायचे. तो त्या दारातून गेला म्हणून त्याने ते निवडले असे म्हणायचे. हा युक्तिवाद आपल्याला अनोळखी नाही. किडनी विकणाऱ्या गरिबाबद्दल तो आपण ऐकलेला आहे. म्हणूनच आपल्या कायद्याने अवयवांची विक्री गुन्हा ठरवली, विकणाऱ्याची संमती असली तरीही.

मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. किडनी विकणारा कोणाचा जीव घेत नाही. करारावर सही करणारा दुसऱ्याच्या देशात माणसे मारायला जातो. त्याची गरिबी मला कळवळा आणते, पण तिने त्याचा गुन्हा धुऊन निघत नाही. बूचा आणि मारियुपोल इथे जे घडले त्याची पहिली किंमत युक्रेनियन लोकांनी मोजली, आणि त्यांच्या कोणत्याही संमतीचा तिथे प्रश्नच आला नाही. रशियन आईचे दुःख सांगताना युक्रेनियन आईला आपण विसरलो, तर आपणही त्या दरपत्रकावर विश्वास ठेवल्यासारखे होईल.

लोकसंख्येचा विचार करताना ही खरेदी किती महागात पडली ते दिसू लागते. २०२४ मध्ये रशियात १२ लाख २२ हजार मुले जन्मली. १९९९ नंतरचा हा सर्वांत कमी आकडा. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा जन्म घटले होते. त्या वर्षांत जन्मलेली मोजकीच पिढी आज आईबाप होण्याच्या वयाची आहे. म्हणजे वर्गात आधीच बाके रिकामी होती, आणि त्यातून युद्धाने मुलगे उचलून नेले. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्याचा हुकूम निघताच सीमांवर मोटारींच्या रांगा लागल्या. जेमतेम दोन आठवड्यांत दोन लाख रशियन एकट्या कझाकस्तानात शिरले. त्यांत संगणकतज्ज्ञ होते, डॉक्टर होते, पत्रकार होते. पुतिन यांचे प्रवक्ते पेस्कोव यांनी जुलै २०२४ मध्ये जन्मदराची स्थिती राष्ट्राच्या भवितव्याच्या दृष्टीने भयंकर असल्याचे कबूल केले. त्यावर उपाय काय झाला? मूल नको, अशा विचाराच्या प्रचारावर नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदी आली. काही प्रांतांनी शाळकरी गर्भवती मुलींनाही रोख रक्कम देऊ केली. पुढे २०२५ मध्ये जन्ममृत्यूचे मासिक आकडे प्रसिद्ध होणेच थांबले. जन्मालाही भाव आणि मरणालाही भाव, मधल्या जगण्याला मात्र भाव नाही, ही त्या राज्याची लोकसंख्यानीती झाली आहे. मूल जन्माला घालणे हा उद्यावरचा विश्वास असतो. तो विश्वास रोख रकमेने तयार होत नाही. त्यातून, आपला मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचे काय होईल हे आईला ठाऊक असेल, तर मुळीच नाही.

आणि स्थैर्य? वरवर पाहता रशिया शांत आहे. या शांततेचा काही भाग भीतीचा आहे. युद्धाला युद्ध म्हटले म्हणून माणसे तुरुंगात गेली. पण काही भाग विकत घेतलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. तुवासारख्या गरीब प्रांतांत बँकांतल्या ठेवी युद्धकाळात झपाट्याने वाढल्या. ज्या घराने मुलाच्या बदल्यात फ्लॅट घेतला, त्या घराला ते युद्ध निरर्थक होते असे म्हणणे फार अवघड जाते. तसे म्हटले तर त्या भिंतींत राहायचे कसे? पैसा असा माणसाचे तोंड बंद करतो, आणि ते फक्त लाचेने नव्हे. तो त्याला खोट्या अर्थाला धरून राहायला भाग पाडतो. याला मी स्थैर्य म्हणू शकत नाही. वाड्याच्या भिंतीला आतून वाळवी लागलेली असताना बाहेरून चुना लावावा, तसे हे आहे. २३ आणि २४ जून २०२३ रोजी हे जगाने पाहिले. तुरुंगातून भाडोत्री सैनिक जमवणाऱ्या प्रिगोझिनने दोन दिवसांसाठी बंड केले. त्याची माणसे दक्षिणेतले रोस्तोव शहर ताब्यात घेऊन मॉस्कोच्या दिशेने निघाली आणि राजधानीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर थांबली. वाटेत त्यांना अडवायला जनता रस्त्यावर उतरली नाही. रोस्तोवमध्ये तर काहींनी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी प्रिगोझिन विमान अपघातात मेला. पैशावर उभ्या केलेल्या निष्ठेला मालक बदलायला किती वेळ लागतो, हे मात्र तोवर दिसून गेले होते.

रशियाच्या इतिहासात दीर्घ युद्धे सिंहासनाला महाग पडली आहेत. १९०५ ची क्रांती जपानशी चाललेल्या युद्धात झाली. १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीची सुरुवात पेत्रोग्रादमध्ये पावासाठी रांगेत उभ्या राहून कंटाळलेल्या बायकांनी केली. डिसेंबर १९७९ ते फेब्रुवारी १९८९ या काळात अफगाणिस्तानात सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक मेले आणि जस्ताच्या शवपेट्यांतून गुपचूप घरी आले. तरीही इतिहास आपोआप फिरून येईल, अशी आशा मी कोणाला देणार नाही. अफगाणिस्तानात दहा वर्षांत जेवढे मेले त्याच्या कितीतरी पट माणसे या युद्धात मेली, आणि राज्य टिकले. जानेवारी २०२६ मध्ये या युद्धाने १,४१८ दिवस ओलांडले. हिटलरविरुद्धचे सोव्हिएत युद्ध तेवढे दिवस चालले होते. राज्य टिकणे म्हणजे समाज धड असणे नव्हे, एवढेच मला म्हणायचे आहे.

धड असलेला समाज कुठे दिसला, तेही सांगितले पाहिजे. २५ सप्टेंबर २०२२ रोजी मखाचकला शहरात, हाजी मुरादच्या दागेस्तानात, सक्तीच्या भरतीविरुद्ध लोक रस्त्यावर आले. पुढे होत्या त्या डोक्यावर रुमाल बांधलेल्या बायका. आमची मुले कोणाच्या जमिनीवर लढायला नेता, असे त्या पोलिसांना विचारत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये बाश्कोर्तोस्तानातील बायमाक या गावी बाश्कीर कार्यकर्ते फाइल अल्सीनोव यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सक्तीच्या भरतीविरुद्ध त्यांनी आवाज उठवला होता. त्या वेळी कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे न्यायालयाबाहेर जमली. मॉस्कोत आघाडीवरील सैनिकांच्या बायका अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर फुले वाहून आपली माणसे परत मागत राहिल्या. २०२४ मध्ये त्यांच्या चळवळीला परदेशी हस्तक ठरवण्यात आले. पैशाला पुरून उरणारा माणूस असतो, याचा पुरावा या बायकांनी दिला.

धर्माचे पुढारी मात्र या कसोटीला बहुतांशी उतरले नाहीत. ज्या दिवशी मखाचकलातल्या बायका रस्त्यावर होत्या, त्याच दिवशी मॉस्कोच्या पेट्रिआर्क किरील यांनी प्रवचनात सांगितले, की सैनिकी कर्तव्य करताना आलेल्या मरणाने माणसाची सारी पापे धुतली जातात. पुढच्याच महिन्यात चेचन्याच्या कादिरोवने या युद्धाला जिहाद म्हटले. ज्या चेचन्याला दोन युद्धांत याच सैन्याने उद्ध्वस्त केले, तिथल्या तरुणांना त्याच सैन्याच्या बाजूने जिहादला बोलावण्यात आले. समोर युक्रेनच्या बाजूने लढणाऱ्या तुकड्यांत चेचन होते, क्रिमियाचे तातार होते. दोन्हीकडे तीच तकबीर. पन्नास लाख रुबल जिथे कमी पडतात तिथे जन्नतचे वचन पुरवले जाते. फरक एवढाच, की त्या वचनाला तिजोरी लागत नाही. युक्रेनमधले एक मुफ्ती सईद इस्मागिलोव यांनी दुसरी वाट धरली. पद सोडून ते जखमींना आघाडीवरून बाहेर काढणाऱ्या पथकात गेले. धर्मगुरूने मरणाला प्रतिष्ठा देण्याऐवजी जीव वाचवायला हात लावावा, हे मला आपल्या दीनच्या जवळचे वाटते.

आपण फार दूर आहोत, असे समजण्याचे कारण नाही. २०२२ पूर्वी भारत रशियाकडून नगण्य तेल घेत असे. २०२४ मध्ये आपल्या आयात तेलापैकी एक तृतीयांशाहून अधिक तिकडून आले. गरीब देशाने स्वस्त तेल घेऊ नये, असे मी म्हणत नाही. युरोपही अनेक वर्षे त्यांचा गॅस घेत राहिला आणि आपल्याला उपदेश करत राहिला. पण पंपावर गाडीत तेल भरताना त्या पैशाचा काही अंश कुठल्या दरपत्रकात जातो, हे निदान आपल्याला ठाऊक असावे. आपल्या गल्लीतही बेकार तरुण आहेत, कर्जे आहेत, परदेशात नोकरी लावून देणारे दलाल आहेत, आणि शहादतीच्या गोष्टी रंगवून सांगणारेही आहेत. पैशाने असो वा वचनाने, जो कोणी आपल्या मुलाच्या मरणाचा भाव सांगत येईल, त्याला आधी एक प्रश्न विचारावा: या मरणाची जबाबदारी तू घेणार आहेस काय? दियत देणाऱ्याला ती घ्यावी लागत असे.

अवदेयेवच्या आईने पाठवलेला रुबल मुलाच्या जगण्यासाठी होता. थंडीत त्याला काही घेता यावे, एवढीच तिची इच्छा असेल. तो एक रुबल आणि आजचे पन्नास लाख तराजूत घातले, तर मला त्या एका रुबलाचे पारडे जड वाटते.